सांगून निघायचं

माझी निम्मीअधिक नोकरी रात्रीची झाली. सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात मी 31 वर्षं परिचारिका होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी रात्री दोनला अजून आपोआप जाग येते. ती फेरीची वेळ. टॉर्चचा उजेड मुलांच्या तोंडावर पडू नये म्हणून काचेवर बोटं धरायची, सलाईनचे थेंब मोजायचे, कपाळाला हात लावायचा, पुढच्या कॉटकडे जायचं.

मुलं रात्री का रडतात याचा मला पहिली काही वर्षं नीट अंदाज नव्हता. दुखतं, सुई टोचली, भूक लागली, एवढंच वाटायचं. तो अंदाज मला एका मुलीने दिला. वेल्ह्याकडच्या डोंगरातली, चार वर्षांची, टायफॉईडने दाखल झालेली. तिच्या आईचं धाकटं मूल अंगावर पिणारं, ते घरी सासूजवळ ठेवलेलं. पाचव्या दिवशी आईच्या छातीत दूध दाटून गाठी झाल्या, तिलाच ताप भरला. एका रात्रीपुरतं तरी घरी जाणं भाग होतं. गावाकडची जीप रात्री नऊला परत निघणार होती. मुलगी साडेआठला झोपली. मीच त्या बाईला म्हणाले, "झोपलीय तोवर निघा. उठली तर सोडायची नाही तुम्हाला." तिने मुलीच्या मुठीतून पदर हळूच सोडवला आणि ती गेली.

साडेअकराला मुलगी उठली. रडली, खूप रडली, पण तासाभरात ते ओसरलं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. ती झोपेना. कॉटचे दांडे धरून उभी राहिली. पापण्या मिटायला लागल्या की मान झटकायची आणि डोळे ताणून उघडे ठेवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई परतली, तिला कुशीत घेतलं, तरी पुढचे चार दिवस तेच. पदराचे मनगटाला दोन वेढे घालून आईच्या मांडीवर जागी बसायची. ताप उतरला होता, पोटात अन्न ठरत होतं. तिला आता झोपेचीच भीती बसली होती. झोपलं की आई जाते, हे ती एका रात्रीत शिकली होती. शिकवणारी मी होते.

त्यानंतर माझ्या पाळीत मी नियम केला. आईला जायचं असेल तर मूल जागं असताना सांगून जायचं. कुठे जाते, कधी येते, तोवर जवळ कोण आहे, हे तीन वाक्यांत सांगायचं आणि निघायचं. मूल रडतं, वीस मिनिटं, कधी अर्धा तास. त्या वेळी मी जवळ असायची. पण ते मूल त्या रात्री झोपायचं आणि दुसऱ्या रात्रीही झोपायचं.

निवृत्तीनंतर, ज्यांच्या हाताखाली मी काम केलं होतं त्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मला एका घरी पाठवलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बाणेर, वाकड, पिंपळे सौदागर, अशा भागांतली घरं. मागणी एकच: मूल त्याच्या खोलीत रात्रभर झोपत नाही. घर घेताना मुलाची खोली धरून घेतलेलं असतं. भिंतीवर चांदण्या चिकटवलेल्या, पलंग मोटारीच्या आकाराचा, आणि मूल रोज रात्री आईबापांच्या मधोमध.

एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर वेगळ्या खोलीसाठी मी जातच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा 2022 चा सल्लाही हाच आहे की पहिले सहा महिने तरी बाळ आईवडिलांच्याच खोलीत असावं, जवळ पण स्वतंत्र अंथरुणावर, उताणं. वेगळ्या खोलीची कल्पना जिथे रुळलेली आहे, तिथले डॉक्टरही तान्ह्याला दूर ठेवायला सांगत नाहीत. मोठ्या मुलांच्या बाबतीतही कुणी विचारलं, "सिस्टर, अजून आमच्याजवळ झोपतो, काही चुकतंय का आमचं?" तर मी सरळ सांगते, काही चुकत नाही. सगळ्यांना झोप मिळत असेल तर झोपू दे. 2010 साली 17 देशांतल्या 29,287 लहान मुलांच्या झोपेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. आशियातली बहुसंख्य मुलं आईवडिलांच्या खोलीत झोपतात, हे त्यात आकड्यांनी आलं. पण त्याच अभ्यासात आशियातली मुलं उशिरा झोपतात आणि एकूण कमी झोपतात, हेही आलं. जवळ झोपवण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. उशिराबद्दल म्हणायचं आहे, ते पुढे येईल.

गरज खरी असते तेव्हा मी जाते. दुसरं बाळ येणार असतं, आईची पाठ धरलेली असते, बापाला पहाटेची पाळी असते. घरी गेल्यावर पहिली रात्र मी काही करत नाही, फक्त ऐकते. ही वॉर्डाची सवय. एका साडेतीन वर्षांच्या मुलीला हट्टी ठरवलं होतं. ती तोंड उघडं टाकून घोरत होती, मध्येच श्वास अडायचा, मान मागे टाकून ती दचकून उठायची, उशी घामाने ओली. तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. नाकामागच्या अॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या निघाल्या. एक मुलगा झोप लागल्यावर तासाभरात ढुंगण खाजवत तळमळायचा. त्याला जंतांचं औषध लागलं, शिस्त नाही. आणि पाय सतत चाळवत झोपणाऱ्या मुलाचं रक्त मी तपासायला सांगतेच. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय होता. लोह कमी असलं की पाय स्वस्थ राहत नाहीत. यात सदनिका आणि झोपडी असा भेद मी फारसा पाहिला नाही. हे सगळं तपासल्याशिवाय मुलाच्या स्वभावाला हात घालू नये.

आता ज्या घराबद्दल सांगायचं आहे ते वाकडचं. चौदावा मजला. मुलगा तीन वर्षं आठ महिन्यांचा, आईला सहावा महिना. वडिलांचं काम अमेरिकेच्या वेळेवर, संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेअकरा कॉल. आजी कराडहून आलेल्या, त्या नातवाला सोन्या म्हणायच्या. मीही तेच म्हणते.

सोन्याचं रोजचं असं होतं. आईच्या पलंगावर, आईच्या कुशीत झोपायचा. पावणेबाराला वडील कॉल संपवून यायचे, त्याला अलगद उचलायचे, त्याच्या खोलीत नेऊन ठेवायचे आणि बोटभर फट ठेवून दार ओढून घ्यायचे. सव्वाएकला तो किंचाळत धावत यायचा. पुन्हा उचलायचे. तीन वाजता सगळे हरायचे. दोन महिने हे चाललेलं. आणि अलीकडे तो झोपायलाच तयार नव्हता. पाणी हवं, शू लागली, अजून एक गोष्ट, पाय दुखतोय. अकरा वाजायचे. डोळे लाल, आणि तो ते ताणून उघडे ठेवायचा.

मी त्याला पाहिलं आणि मला कॉटचे दांडे धरून उभी असलेली ती मुलगी दिसली.

दुपारी त्याच्याबरोबर मोटारी खेळत बसले होते तेव्हा मी सहज विचारलं, "रात्री काय होतं रे सोन्या?" त्याने मोटार थांबवली नाही. म्हणाला, "मी झोपलो की बाबा मला तिकडे टाकतात."

टाकतात, हा शब्द वडिलांनी दारातून ऐकला. प्रेमाने, कंबर सांभाळून, मध्ये जाग येऊ नये म्हणून श्वास रोखून ते त्याला न्यायचे. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर? झोपताना आई होती, उजेड होता, बाहेर बाबांचा आवाज होता. जाग आली तेव्हा आई नाही, अंधार आहे, आवाज नाही. रात्री जाग येणं हे काही चुकीचं नाही. झोप सलग नसतेच, तिचे फेरे असतात. मोठ्यांचा एक फेरा साधारण दीड तासाचा, लहानांचा त्याहून आखूड. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी आपण किंचित जागे होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो, पुन्हा झोपतो आणि सकाळी आपल्याला त्यातलं काही आठवत नाही. सगळं जिथल्या तिथे आहे, म्हणून आपण पुन्हा झोपतो. सोन्याचं रोज काहीच जागेवर नसायचं.

मी दोघांना बसवून सांगितलं. उचलून नेणं आजपासून बंद. पुढचे दोन आठवडे तो तुमच्याजवळच झोपेल आणि तुमच्याजवळच उठेल. वडिलांचा चेहरा पडला. "म्हणजे सिस्टर, आपण उलटे मागे गेलो." मी म्हटलं, "आधीचं देणं फेडू, मग नवीन मागू त्याच्याकडे."

या दोन आठवड्यांत बाकीचं काम करता आलं. मी एक शंभर पानी वही घेतली आणि वॉर्डाच्या नाइट रिपोर्टसारखे रकाने आखले: वेळ, काय झालं, कोण जवळ होतं, झोप कशी लागली. मतं लिहायची नाहीत, दिसलं ते लिहायचं. चार दिवसांत वहीच बोलायला लागली. प्लेस्कूलमधून येऊन जेवून सोन्या चारला झोपायचा तो सव्वासहापर्यंत. मग रात्री नऊला त्याला झोप कुठून येणार? तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. त्याची बेरीज होत होती, पण चुकीच्या वेळी. दुपारची झोप दीड वाजता आणली आणि तासाभरात उठवायला सुरुवात केली. पहिले तीन दिवस संध्याकाळी कुरकुर झाली. मग रात्रीची झोप साडेनऊवर आली.

वहीतली दुसरी गोष्ट वडिलांनीच पाहिली. उचलून नेणं बंद होण्याआधी पावणेबारा ते सव्वाबारा या अर्ध्या तासात मुलगा त्यांच्या खांद्यावर असायचा, आणि दिवसभरात तेवढाच अर्धा तास. त्यांनी ते पान बराच वेळ समोर धरलं. दुसऱ्या दिवसापासून सव्वापाच ते सव्वासहा ते त्याला खाली बागेत न्यायला लागले, फोन घरी ठेवून. हे मी सांगितलं नव्हतं.

आजींचा या सगळ्याला विरोध होता, आणि तो मला मनापासून पटत होता. त्या म्हणायच्या, "आमच्याकडं माजघरात आठ पोरं एका वळीत निजायची. रातच्याला कुणी उठलं तर हात लांब केला की कुणीतरी लागायचंच." मी म्हटलं, आजी, हेच तर हवं आहे. हात लांब केला की काहीतरी लागलं पाहिजे, एवढीच सोन्याचीही मागणी आहे. मग त्यांनी दुपारच्या गोधडी शिवायला घेतली. त्यांचं जुनं लुगडं अस्तराला, वर सोन्याच्या आईची एक मऊ झालेली निळी साडी. सोन्या सुयांची डबी धरून शेजारी बसायचा. निळा तुकडा कुठे लागणार हे त्याने ठरवलं: तोंडाशी. विनिकट नावाच्या इंग्लिश बालरोगतज्ज्ञाने 1951 साली अशा वस्तूंवर एक निबंध वाचला होता. आई आणि आईचं नसणं यांच्या मधल्या जागेत मूल कापडाचा एखादा तुकडा धरतं, असं त्यांचं म्हणणं. आजींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय, पदरच की तो."

आजींना एकच गोष्ट मागितली: जेवताना बागुलबुवाला बोलवायचं नाही. दिवसा ज्याला आपण दाराआड उभा करतो, तो रात्री तिथेच उभा राहतो. त्यांनी ते ऐकलं.

पंधराव्या दिवशी सोन्याला त्याच्या खोलीत झोपवायला सुरुवात केली. नियम एकच: झोप लागताना जे आहे, ते रात्री दोनलाही असलं पाहिजे. पॅसेजमधला मंद दिवा रात्रभर चालू. दार पूर्ण उघडं. पंखा एकाच आकड्यावर. संध्याकाळी आजींबरोबर शुभंकरोति, मग जेवण, दात, एक गोष्ट, गोधडी. आणि आई पलंगाशी खुर्चीवर बसलेली. खुर्चीही रात्री दोनला तिथेच असणार, आई मात्र हळूहळू नसणार, आणि ते त्याला सांगून होणार.

खोलीत दोन बाय दोनच्या फरशा होत्या. पलंगापासून दारापर्यंत पाच, पुढे पॅसेजमध्ये दोन. दर दोन रात्रींनी खुर्ची एक फरशी दाराकडे सरकवायची. इंग्रजीत या पद्धतीला 'कॅम्पिंग आउट' म्हणतात. पालक मला अनेकदा विचारतात की दार लावून रडू दिलं तर चार रात्रींत होतं ना? रिचर्ड फर्बर या बोस्टनच्या डॉक्टरांचं 1985 चं पुस्तक कुणीतरी वाचलेलं असतं. त्यांनी थोड्या थोड्या वेळाने आत जाऊन धीर द्यायला सांगितलं आहे, मूल टाकून द्यायला नव्हे, पण ऐकीव गोष्टीत तेवढा भाग गळतो. मेलबर्नमध्ये 326 कुटुंबांपासून सुरू झालेल्या एका पाठपुराव्यात, तान्हेपणी थांबून थांबून धीर देणं किंवा जवळ बसून हळूहळू दूर होणं यांपैकी काही केलेल्या मुलांना सहाव्या वर्षी तपासलं, तर कसलंच नुकसान आढळलं नाही. हे 2012 साली छापून आलं. तेव्हा दोन मिनिटं थांबणाऱ्या आईला मी अपराधी वाटू देत नाही. पण मला खुर्ची आवडते. ज्याला रडण्याआधीच भीती बसली आहे त्याला दिसेल असं निघावं लागतं.

खुर्चीवर मी बसायची नाही. मुलाचा विश्वास आईवर बसायला हवा, माझ्यावर बसून काय उपयोग? मी पॅसेजमध्ये चटईवर वही घेऊन. पहिल्या रात्री त्याने आईला सात वेळा हाक मारली. आई दर वेळी तेच उत्तर देत होती, "मी इथे आहे, तू झोप," तेवढ्याच आवाजात, उठून जवळ न जाता. सातव्यांदा तिचा आवाज भरून आला. मी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. साडेदहाला तो झोपला. दीडला उठला, खुर्चीकडे पाहिलं, हाक मारली, आई येऊन बसली. पावणेदोनला झोपला. वहीत एवढंच.

झोप लागल्यावर आईने उठायचं, हे ठरलेलं. पण तेही आधी सांगायचं: "तू झोपलास की मी माझ्या खोलीत जाणार. हाक मारलीस की येणार." हे वाक्य आईला अवघड जायचं. तिला वाटायचं, जाणार हे सांगितलं तर तो झोपायचाच नाही. पहिल्या दोन रात्री तसंच झालंही. तिसऱ्या रात्री त्याने विचारलं, "हाक मारली की नक्की?" ती म्हणाली, "नक्की." तो भिंतीकडे वळला.

तिसऱ्या फरशीवर एक गोष्ट घडली. संध्याकाळी मी गेले तर चौथ्या फरशीवर सोन्याच्या छोट्या निळ्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. आजी म्हणाल्या, कुणाला हलवू देत नाही. रात्री आई खुर्ची तिसऱ्या फरशीवर ठेवायला लागली, तसा तो पलंगावरून म्हणाला, "तिथे नाही, चपलांवर." आपण दोन दिवसांनी मागणार होतो ते तो आजच देत होता. आईने खुर्ची चपलांच्या जागी ठेवली. मी वहीत वेळ लिहिली, आणि रकाना नसतानाही बाजूला चपला काढल्या.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. पाचव्या फरशीवर असताना त्याला ताप आला, 102. वडिलांना वाटलं, आता माघार घेतली तर सगळं वाया. मी म्हटलं, आजारी मुलाजवळ खुर्ची लांब नसते. खुर्ची थेट पलंगाशी आणली, दोन रात्री आई तिथेच त्याच्या शेजारी झोपली. ताप गेल्यावर पुन्हा पहिल्या फरशीपासून, पण या वेळी रोज एक. मुलाने शिकलेलं आजारात पुसलं जात नाही, ते थोडं खाली बसतं, एवढंच. आणखी एका रात्री तो झोपल्यावर दीड तासात उठून बसला, डोळे उघडे, किंचाळतोय, आईला ओळखत नाही. वडील घाबरले. ती गाढ झोपेतली दचक होती. तेव्हा मुलाला हलवून जागं करायचं नसतं. पडू नये एवढं धरायचं आणि बसून राहायचं. दहा मिनिटांत तो आडवा झाला, सकाळी त्याला काही आठवत नव्हतं.

साडेसात आठवड्यांनी खुर्ची पॅसेजच्या दुसऱ्या फरशीवर होती आणि रात्री ती रिकामी असायची. मी जाणं थांबवलं. निघताना आईला एक गोष्ट सांगितली. तिची तारीख जवळ आली होती. कळा रात्रीच सुरू झाल्या, तर सोन्याला झोपेत ठेवून जाऊ नका. घरातले सगळे म्हणतील, कशाला उठवता, छान झोपलाय. तरी उठवा. वही मी तिथेच ठेवली.

बाळाच्या बारशाला मला आमंत्रण होतं. पाळण्याजवळ सोन्या बाळाच्या पायाशी निळ्या साडीचा दुसरा तुकडा अंथरत होता. वडिलांनी मला आत बोलावलं आणि वही हातात दिली, शेवटचं पान उघडून. वर आईचं घाईतलं, वाकडं अक्षर होतं: 2.40. उठवलं. दवाखान्यात जाते, आजी इथे आहे, उद्या बाळ दाखवते, असं सांगितलं. बरं म्हणाला. निघाले.

खाली दुसऱ्या अक्षरात, सुट्या सुट्या वळणाचं, पेन्सिलीने लिहिलेलं होतं. आजींनी वहीत लिहिलेली ती एकच ओळ. 2.55. निजला. खुर्चीवर मी हाय.